चार वह्या आणि माझा साचा

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी पुस्तकं चिकटवायची खळ शिजायची. पत्र्याच्या डब्यात मैदा आणि पाणी, वर कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि अब्बा उकिडवे बसून लाकडी पट्टीने ते ढवळत असायचे. खळ खाली लागली की दिवसभराचं काम बिघडतं, म्हणून तेवढा वेळ ते कुणाशी बोलत नसत. एकच स्टोव्ह, त्यामुळे अम्मी चहाचं भांडं हातात धरून शेजारी उभी. तिचं म्हणणं असं की लग्न झाल्यापासून तिच्या चहाला मोरचुदाचा वास येतोय, आणि ज्या घरात चहालाही दुसरा नंबर त्या घरात बाईमाणसाने काय अपेक्षा ठेवावी! अब्बा बाइंडर होते. नारायण पेठेत रस्त्यालगत दोन खोल्या, पुढच्या खोलीत कटिंग मशीन आणि पुस्तकं आवळायचा चाकाचा दाब, मागच्या खोलीत आम्ही, आणि दोन्हीकडे सारखाच कागदाचा भुगा. तो अंथरुणात असायचा, केसांत असायचा, रमजानमध्ये इफ्तारच्या फळांवरही असायचा. अम्मी-अब्बा आपसांत हिंदीत भांडत आणि आमच्याशी मराठीत बोलत, त्यामुळे लहानपणी माझा असा समज होता की हिंदी ही फक्त भांडायची भाषा आहे.

शाळेतून आलं की गरम भाकरी, लसणाची चटणी, कधी वाटीभर डालचा, आणि ते संपताच माझ्या मांडीवर कागदांचा गठ्ठा. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालणं हे अम्मीचं काम, आणि विद्यापीठाच्या प्रबंधांची टाइप केलेली पानं क्रमाने आहेत की नाही ते बघणं हे माझं. अब्बा मराठी वाचत, पण बोट ठेवून, सावकाश. मी मात्र पानाचा आकडा बघता बघता पानही वाचून टाकायची. उसावरच्या किडीचा प्रबंध वाचला, घाटातल्या जुन्या टाक्यांचा वाचला, गिरणी कामगारांच्या बायकांवरचा वाचला. कळायचं किती ते विचारू नका. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हे सगळे लिहिणारे आधी सांगतात की या विषयाकडे आजवर कुणी लक्षच दिलेलं नाही. मग मला काय म्हणायचंय ते. मग ते मला कशावरून कळलं ते. मग अमुक विद्वान उलटं म्हणतात पण ते कसे चुकलेत ते. आणि शेवटी, तर मग आता काय. कीड असो की टाकं असो, वाट तीच. मी मोठ्या ऐटीत अब्बांना हे सांगितलं तर ते सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "मग? आपण पण सगळ्यांना एकच शिवण घालतो." माझा सगळा शोध त्यांनी तिथेच गुंडाळून ठेवला आणि मला भयंकर राग आला.

माझ्या बुद्धीची कुणी दखल घेत नाही याचा राग मला त्या वयात फार येई. पुढे जे झालं त्याच्या मुळाशी हा राग होता, हे आता कळतं. तेव्हा मला वाटायचं, मी इतरांचं भलं करते आहे.

दहावीच्या वर्षी शाळेत शितोळे सर आले. भूमिती आणि विज्ञान शिकवायला. लोणी काळभोरहून पहाटेची बस पकडून यायचे, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत भाकरी आणि ठेचा. आमची शाळा पेठेतली. तिथले शिपाईसुद्धा "आपण जरा बाजूला व्हाल का?" असं अपमान वाटेल इतक्या शुद्ध मराठीत म्हणायचे. अशा ठिकाणी पहिल्याच दिवशी सर फळ्याकडे बोट करून म्हणाले, "हितं त्रिकोण हाय." मागच्या बाकांवर हशा. सर थांबले, वळून त्रिकोणाकडे नीट बघितलं, आणि म्हणाले, "हाय की. न्हाई का?" त्यानंतर कुणी हसलं नाही असं नाही, पण हसायची मजा कमी झाली.

सरांची नेमणूक एका वर्षाची होती. संस्थेची बैठक फेब्रुवारीत, त्यात कायम करायचं की नाही ते ठरणार, आणि ठरवणार ते आमच्या पूर्वपरीक्षेचे निकाल बघून. हे सगळ्या शाळेला माहीत होतं, कारण आमच्या शाळेत गुपित असं काही नसेच. त्यातच गणपतीनंतर मराठीच्या पटवर्धन बाई जिन्यावरून पडल्या, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि हेडसरांनी मराठीचा तास शितोळे सरांना दिला, का, तर त्या वेळी ते मोकळे होते. पटवर्धन बाईंनी म्हणे घरून निरोप पाठवला : "मुलांना भूमिती अवश्य शिकवा, मराठीला मात्र फार हलवू नका. तिची तब्येत नाजूक आहे."

पहिल्या तासाला सर म्हणाले, चार वह्या काढा. भूमितीची, विज्ञानाची प्रयोगवही, इतिहासाची आणि निबंधाची. बाकावर शेजारी शेजारी उघडून ठेवा. "आता मला सांगा, या चारीत सारखं काय हाय?"

शाई, म्हणाला एक. चुका, म्हणाला दुसरा. सर दोन्हीला हो म्हणाले आणि वाट बघत राहिले. भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. प्रयोगवहीत उद्देश, कृती, निरीक्षण, अनुमान. इतिहासात "कारणे द्या". आणि निबंधात आपलं नेहमीचं फुलं, पक्षी, झुळझुळ वारा.  हे तर मला माहीत होतं! मी हात वर केला आणि एका दमात बोलून टाकलं : काय म्हणायचंय, कशावरून म्हणताय, कुणी उलटं म्हणालं तर काय, आणि मग पुढे काय. सरांनी खडू खाली ठेवला. "तांबोळी," ते म्हणाले, "हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, "कुणी नाही. आमच्या घरी प्रबंध बांधायला येतात." सरांनी माझी ती चार वाक्यं तशीच फळ्यावर लिहिली. माझी वाक्यं फळ्यावर! त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्याच्या मधोमध चालत गेले असेन.

मग चार महिने तेच. सर निबंधातून साध्य शोधायला लावत. कुणी श्रमाचं महत्त्व लिहिलं की विचारत, "बरं, महत्त्व हाय. कुणाला न्हाई वाटत ते? त्याला काय सांगशील?" आणि मग पोरगं पहिल्यांदा विचार करायला लागायचं. प्रयोग फसला तर फसला असंच लिहा म्हणत, आणि फसला कशावरून तेही लिहा. एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा बजावत. "ही हाडं हायत. हाडं आत पायजेत. वरनं दिसायला लागली तर माणूस आजारी हाय समजायचं." मी हे ऐकलं. मान डोलावली. ते दुसऱ्यांसाठी आहे असं समजून सोडून दिलं.

आता इथे कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीतली मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतात. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, हे त्यांच्या आयांना कुठून तरी कळलं आहे. मुलं दारातूनच विचारतात, "आज्जी, रिपोर्टचा फॉरमॅट सांगा ना. फक्त फॉरमॅट. बाकी फोन लिहून देतो." मी त्यांना म्हणते, चपला बाहेर काढा, आत या, आणि तुम्हाला काय म्हणायचंय ते आधी बोला. ती वैतागतात. तिसऱ्या मजल्यावरची आर्या तर तोंडावर म्हणाली, "तुम्ही खूप टाइमपास करता." असेल बाई. पण फॉरमॅट मी देत नाही. एकदा दिला होता.

पूर्वपरीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा वर्गात घबराट होती. निबंधाला काय येईल, सुचेल का, वेळ पुरेल का. आणि मला त्यावर उपाय माहीत होता. बाइंडिंगच्या रद्दीत एका बाजूने छापलेले खराब कागद भरपूर असत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात साचा लिहून काढला. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, आणि प्रत्येकापुढे काय भरायचं ते. कुठलाही विषय येवो, मोकळ्या जागा भरा आणि व्हा मोकळे. सगळ्यात घाबरलेल्या अकरा जणांसाठी अकरा प्रती केल्या. अम्मीने विचारलं, एवढं काय लिहितेस, तर म्हटलं, अभ्यास. आणि पोरांना भरवसा वाटावा म्हणून मी वर ठळक अक्षरात लिहिलं : "शितोळे सरांचा निबंधाचा साचा". माझं नाव घातलं असतं तर कुणी घेतला नसता, हे खरं आहे. ते मला झोंबतही होतं. पण सरांचं नाव घातलं ते घातलंच.

निबंधाचा विषय आला "माझी आई".

पटवर्धन बाई काठी टेकत नुकत्याच परत आल्या होत्या आणि पेपर त्यांनीच तपासले. पुढचं मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीखाली उभी राहून ऐकलं. बाई वाचून दाखवत होत्या आणि आवाजात हसू नव्हतं. "पक्ष : आई ही एक स्त्री असून ती आमच्या घरी राहते. साध्य : आई थोर आहे. रचना : आई पहाटे पाच वाजता उठते असे मानू." आतून कुणीतरी फिसकन हसलं. "थांबा, अजून आहे. सिद्धता : वरील रचनेवरून आई दमते. जो दमतो तो थोर असतो. म्हणून आई थोर आहे. हेच सिद्ध करायचे होते." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "अकरा मुलांच्या अकरा आया, आणि सगळ्या पाच वाजता उठतात असे मानू! अहो शितोळे, एकीला तरी झोपू द्यायचं."

सगळे खो खो हसले. 

दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या वहीत माझा कागद सापडला. वरची ओळ वाचल्यावर हसण्याचा विषय संपला. तयार साचे वाटून पोरांकडून घोकून घेतात, असल्या माणसाला कायम करायचं का, असं शिक्षक बोलू लागले. हेडसर सरांना घेऊन वर्गात आले. तो कागद वर धरून त्यांनी विचारलं, "शितोळे, हे तुमचं?" सरांनी कागद हातात घेतला. माझी भूमितीची वही ते रोज तपासत होते. माझं अक्षर त्यांना झोपेतही ओळखता आलं असतं. त्यांनी कागद वाचला, उलटा करून मागची फसलेली छपाई बघितली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं शिकवणं कमी पडलं, सर. मी वर्गाची माफी मागतो." आणि त्यांनी खरंच हात जोडले. आम्हा पन्नास पोरांसमोर. ज्यांना त्यांनी विचार करायला शिकवलं होतं त्यांच्यासमोर.

मी बसून राहिले. उठायचं सोडाच, मी मान खाली घालून पट्टीने रेघ मारत होते. अकराच्या अकरा जण माझ्याकडे बघत होते आणि एकानेही तोंड उघडलं नाही, पेठेतली मुलं चुगली करत नसत. बोर्डाचा फॉर्म अडवतील, शाळेतून काढतील, अब्बांना बोलावून घेतील, असं सगळं डोक्यात फिरत होतं. पण आज खरं सांगते, भीती दुय्यम होती. हुशार तांबोळीची जी एक जागा त्या वर्गात झाली होती ती जाईल, याचं मला जास्त वाटत होतं. पुढचे आठ दिवस मी अन्नाला नीट शिवले नाही. अम्मीने मुद्दाम खिमा केला तरी गिळेना. सर रोज येत होते, भूमिती शिकवत होते, माझी वही तपासून खाली सही करत होते. मराठीचा तास त्यांच्याकडून काढून घेतला होता. बैठक शनिवारी होती.

गुरुवारी शाळेतून आल्यावर मी हेडसरांना अर्ज लिहायला बसले. तीन पानं झाली. सर पहाटेच्या बसने येतात, एकही तास चुकवत नाहीत, त्यांच्यामुळे आम्हाला विचार कसा करावा ते समजलं, साचा ही गोष्ट त्यांच्या शिकवण्याच्या अगदी विरुद्ध आहे, त्यांनी हाडं आत ठेवायला सांगितलं होतं. लिहिता लिहिता मला रडू आलं, इतकं ते चांगलं उतरलं होतं. अब्बा एक जाड प्रबंध मांडीवर घेऊन शिवत बसले होते. मी त्यांना काय घडलं त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. म्हटलं, शाळेसाठी एक अर्ज लिहिलाय, ऐकता का? त्यांनी मान हलवली. मी तिन्ही पानं वाचली. दोऱ्याचा सूं सूं आवाज येत होता. वाचून झालं तेव्हा त्यांनी दोरा दाताने तोडला.

"सब ठीक है," अब्बा म्हणाले. "छान लिहिलंस. पण बेटा, हे कागद वाटले कुणी?"

"ते कळतंच की त्यात."

"मला नाही कळलं. मी ऐकत होतो. वाटलं, आता येईल, पुढच्या पानावर येईल. आलंच नाही."

मी इतकी चिडले! तुम्हाला काय समजतं लिहिण्यातलं, असं म्हणाले मी त्यांना. तोंडावर. मागच्या खोलीतून अम्मी "जमिला!" म्हणून ओरडली.  अब्बांनी प्रबंध दाबाखाली ठेवला, चाक आवळलं, आणि माझ्या समोर येऊन बसले. मग हळूच विचारलं, "तू?" आणि मी त्यांच्या खळीने चिकट झालेल्या सदऱ्यात तोंड घालून हमसून हमसून रडले. चार महिने मी वर्गभर सगळ्यांना विचारत हिंडत होते, तुझं साध्य काय, तुझं साध्य काय. आणि तीन पानांच्या अर्जात मी ते लपवून ठेवलं होतं, स्वतःपासूनसुद्धा.

तीन पानं फाडली आणि एक लिहिलं. पहिलं वाक्य : "निबंधाचा साचा मी तयार केला, मीच वाटला, आणि त्यावर शितोळे सरांचं नाव त्यांना न विचारता मी घातलं." मग कशावरून : अक्षर माझं आहे, वहीशी ताडून पाहावं, आणि कागद आमच्या घरच्या रद्दीतले आहेत, त्यांच्या मागची छपाई अब्बांनी बांधलेल्या पुस्तकाची आहे. मग कुणी म्हणेल सरांच्या शिकवण्यातूनच हे निघालं, तर त्याला उत्तर : सरांनी हाडं आत ठेवा असं वारंवार सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि शेवटी, शिक्षा मला व्हावी. कुठेही शीर्षकं नव्हती. अब्बांनी ते बोट ठेवून स्वतः वाचलं आणि शुक्रवारी सकाळी खळ न शिजवता माझ्याबरोबर शाळेत आले. हेडसरांच्या खोलीबाहेर ते टोपी नीट करत उभे होते, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्यांच्या बोटांवर किती चिरा आहेत.

शनिवारी सरांना कायम केलं. मला शिक्षा झाली ती अशी की अकराही जणांनी निबंध पुन्हा लिहायचा आणि तो मी तपासायचा. मराठीचा तास मात्र सरांना परत मिळाला नाही. सोमवारी पटवर्धन बाई काठी टेकत वर्गात आल्या, खुर्चीत बसल्या, आणि घसा साफ करून म्हणाल्या, "ते काय ते शितोळ्यांचं. चार वह्या की काय. काढा." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. "काढा म्हटलं ना? आणि ज्याला काही म्हणायचं नाही त्याने आज निबंध लिहू नये, कागद वाचेल." बाईंच्या तोंडून याहून मोठी स्तुती त्या शाळेत कुणाची झाली नसेल.

तास संपल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि घडी केलेला कागद हातात दिला. माझाच अर्ज. हेडसरांनी तो त्यांना वाचायला दिला होता, आणि बाईंच्या हातात लाल पेन्सिल असली की त्या तपासणारच. समासात लिहिलं होतं : "विधान स्पष्ट. पुरावा पुरेसा. शेवट किंचित रडका, पण चालेल. दहापैकी सात." आणि खाली : "उशिरा सादर केल्याबद्दल तीन गुण वजा."

मी धावत खाली गेले. सर जिन्यापाशी पिशवी खांद्याला लावून बससाठी निघाले होते. मी कागद पुढे केला. त्यांना दाखवून मोकळं व्हायचं होतं मला. ते हसतील, जाऊ दे गं म्हणतील, आणि झालं गेलं सगळं पुसलं जाईल. सरांनी उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून अर्ज वाचला. पहिल्या वाक्याशी थांबले, पुन्हा वाचलं, मान डोलावली. मग बाईंचा शेरा वाचला. हसले. मला हायसं वाटलं. त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली, आणि एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बाईंनी बराबर तपासलाय," सर म्हणाले, आणि बस चुकेल म्हणून जिना उतरून गेले.